माक, तुमचा गेम कधी येणार?

आमच्या मलेशियात वडीलधाऱ्या बाईला माक म्हणतात. पहिल्या वर्षी हा प्रश्न माक कल्थोमना फार आवडायचा. क्लांगच्या बाजारात कोणी विचारलं की त्या मासळीची पिशवी खाली ठेवायच्या, डोक्यावरचा रुमाल नीट करायच्या आणि रेडिओवर बोलल्यासारख्या खणखणीत आवाजात सांगायच्या, "पुढच्या वर्षाअखेर!" चौथ्या वर्षी हाच प्रश्न विचारणाऱ्या मासेवाल्याकडे त्यांनी जाणंच बंद केलं. सहाव्या वर्षी त्यांनी बाजारच बदलला.

मला हे सगळं माहीत, कारण बाजारातून घरी आल्या की त्या मला फोन करायच्या. "सुहैला, आज पुन्हा विचारलं एकीने. काय सांगू? तूच सांग, मी काय सांगू?"

मी काय सांगणार? मी पेटालिंग जयातल्या तेक सेंगच्या ध्वनिमुद्रण स्टुडिओत नोकरीला. कलाकारांना बोलावणं, संवादांचे कागद हातात देणं, चहा गरम ठेवणं आणि परदेशातल्या कंपनीचे निरोप इकडून तिकडे पोचवणं, हे माझं काम. मृदंगाला दोन्ही बाजूंनी थापा बसतात, तशी माझी गत.

माक कल्थोम म्हणजे साध्या बाई नव्हेत. तीस वर्षं त्यांनी रंगमंचावर आणि रेडिओवर राण्या, चेटकिणी आणि खाष्ट सासवा गाजवल्या होत्या. आमची आई त्यांची श्रुतिका लागली की मासे करपवायची. पुढे श्रुतिका बंद पडल्या, माक घरी बसल्या. अशात एका मोठ्या कंपनीने जुन्या बंदराच्या शहरावर संगणकावरचा गेम काढायचं ठरवलं, आणि धक्क्यावर खानावळ चालवणाऱ्या म्हातारीसाठी त्यांना आपल्याकडचा अस्सल आवाज हवा होता. तेक सेंगने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे पाहिलं. दोघांच्याही मनात एकच नाव.

पहिल्या दिवशी त्या सणासुदीचा जरीचा झगा घालून आल्या. त्यांचे यजमान, पाक देरिस, जुनी प्रोटॉन गाडी सावलीत लावून बाहेरच्या बाकावर झोपले. माकनी आठवडाभरात सगळे संवाद असे म्हटले की काचेपलीकडे तेक सेंगने कानावरचे हेडफोन काढून डोळे पुसले. पडद्यावर कंपनीच्या मार्ता मॅडम होत्या. त्याही म्हणाल्या, "अप्रतिम. दोन वर्षांत गेम लोकांच्या हातात असेल."

मॅडमचा स्वतःचा त्यावर विश्वास होता की नाही, देव जाणे.

वर्षभराने निरोप आला. गेमचा नायक आता पुरुष नव्हता, बाई होती. म्हणजे माकनी जिथे जिथे "ये रे बाळा" म्हटलं होतं, तिथे "ये गं पोरी" हवं होतं.

"एवढंच ना?" माक म्हणाल्या. "तेवढे शब्द घाला की बदलून."

"तसं नाही होत, माक. वाक्याचा सूर तुटतो. आणि म्हातारी आता त्या मुलीची आत्या आहे."

"आत्या? मग मी तिच्याकडून जेवणाचे पैसे का मागते?"

मी कंपनीला विचारलं. तीन आठवड्यांनी उत्तर आलं की ही गोष्ट कोणाच्या लक्षातच आली नव्हती, धन्यवाद, आता खानावळीचा सगळा प्रवेश पुन्हा लिहायला घेतलाय.

तेक सेंगने कपाळावर हात मारला. "तुम्हाला कोणी विचारलं होतं, माक?"

त्यानंतर त्यांना मारायचं ठरलं. खेळणारा चुकला तर आत्याबाई मरणार, आणि कशी मरणार ते त्याच्या चुकीवर अवलंबून. म्हणून माकना आठ प्रकारे मरावं लागलं. सुरा लागून, पाण्यात बुडून, आगीत, छपरावरून पडून, विषाने, आणखी कशाकशाने. मन लावून काम करायची सवय, म्हणून त्या घरी तालीम करायला बसल्या. पहिल्याच किंकाळीला शेजारच्या हेंदोनबाई दार ठोठावत आल्या, मागोमाग सगळी गल्ली. पाक देरिस शांतपणे दारात उभे राहून म्हणाले, "काही नाही हो, बायको मरतेय. जेवणापर्यंत उठेल."

ते मरण तिकडे सगळ्यांना आवडलं. आणि पुढच्या वर्षी ते काढून टाकलं. पाहणीसाठी बोलावलेल्या लोकांना म्हातारी मेलेली बघवेना, असं कळलं.

तिसऱ्या वर्षी बंदरच गेलं. हे मला समजायलाही वेळ लागला, मग माकना काय सांगणार? गेम ज्या पायावर उभा होता, ज्याला ते इंजिन म्हणतात, तो पायाच कंपनीने बदलला होता, आणि नव्या पायावर एवढ्या होड्या, एवढं पाणी आणि एवढी माणसं एकाच वेळी हलवली की सगळंच अडकत होतं. दीड वर्ष झटूनही ते सुटलं नाही. शेवटी खानावळ उचलून डोंगरावर नेली.

"डोंगरावर," माक म्हणाल्या.

"हो, माक."

"आणि मी जे म्हणते, 'भरती चढली की माझ्या पायरीला पाणी लागतं', ते?"

"ते बदलायचंय."

"'आज सुरमई ताजी आहे', ते?"

"तेही. आता तिथे बकरी आहे."

त्यांनी एक पान उलटून मागची बाजूही बघितली. मग कागद उचलून आत गेल्या आणि दार एवढ्या जोरात लावलं की बाकावर झोपलेले पाक देरिस उठून बसले.

आपल्याकडे म्हणतात, घर पाहावं बांधून. पण घर बांधताना गवंडी निदान काल बांधलेली भिंत आज दुसऱ्या गावाला नेत नाही. चार देशांत मिळून हजारभर माणसं त्या गेमवर होती, आणि एकाने दार आतल्या बाजूला उघडायचं ठरवलं की दुसरीकडे चाळीस जणांचं काम आडवं व्हायचं. दारातून माणूस कसा शिरतो ते बदलायचं, त्याच्यामागून येणारा कुत्रा भिंतीत रुतायचा, कुत्र्यावर पडणारा उजेड विझायचा. कोणीही आळशी नव्हतं. उलट सगळे इतकं काम करत होते की एकाचं काम दुसऱ्याला मोडायला कधी कमी पडत नव्हतं. लोकांना वाटतं, काम झालं की संपतं. या धंद्यात झालेलं कामच परत परत करावं लागतं.

मग महासाथ आली. टाळेबंदीत स्टुडिओ बंद, पण कंपनीला बकरीचे संवाद हवेच होते. तेक सेंगने माकच्या घरी माईक पाठवला. आवाज घुमू नये म्हणून माक कपड्यांच्या कपाटात बसल्या. दोन्ही बाजूंना यजमानांच्या लुंग्या लटकलेल्या, वर रजई, आणि रजईची टोकं धरून बाहेर पाक देरिस उभे. मी फोनवर. दर वाक्यामागे हेंदोनबाईंचा कोंबडा आरवायचा.

"काप तो कोंबडा," तेक सेंग दुसऱ्या फोनवरून ओरडला.

"तूच ये आणि काप," कपाटातून आवाज आला. "माझ्या पायाला मुंग्या आल्यात. डोंगरावर राहणारी बाई आहे मी, आणि मला कपाटात कोंबलंय!"

हे सगळं होईपर्यंत कंपनीने जगाला काहीच सांगितलं नव्हतं. पाचव्या वर्षी त्यांनी दोन मिनिटांची झलक दाखवली. काय देखणी होती ती! त्या दोन मिनिटांसाठी शंभर माणसांनी खरं काम बाजूला ठेवून महिनोन्‌महिने घालवले होते, हे बघणाऱ्याला कुठून कळणार? शेवटी ठळक अक्षरात लिहून आलं की गेम पुढच्या वर्षी येणार. मार्ता मॅडम केव्हाच सोडून गेल्या होत्या, मधले एक साहेबही आले नि गेले, आता डंकन नावाचा तिसरा साहेब होता, पहिल्या वर्षापासून याच गेमवर खालच्या जागेवर राबून वर आलेला. ती तारीख डंकनलाही त्या झलकेतच कळली. मला त्याचा चेहरा आठवतो. नळाखाली डोकं धरल्यासारखा.

आणि जगाने मोजायला सुरुवात केली ती त्या दिवसापासून. आधीची पाच वर्षं कोणाच्या हिशोबातच नव्हती.

सहाव्या वर्षी माकचे पुढचे दात गेले. कवळी बसली. बोलताना 'स' वर बारीक शीळ वाजायला लागली, आणि आवाजही थोडा खाली उतरला. नेमक्या तेव्हाच नव्या संवादांचा गठ्ठा आला. ध्वनिमुद्रण करून पाठवलं. कंपनीचं उत्तर आलं: आवाज जुन्या संवादांशी जुळत नाही. बाईंना पहिल्यासारखं बोलायला सांगा.

हे मी शब्द बदलून, मध लावून सांगायचं ठरवलं होतं. पण तेक सेंगने चुकून तेच पत्र मोठ्याने वाचलं.

माक उठल्या. "लाव त्या डंकनला."

"माक, उद्या सकाळी..."

"आत्ता!"

डंकन पडद्यावर आला. तिकडे त्याची नुकतीच सकाळ झाली होती, केस विंचरलेले नव्हते. माकनी इंग्रजीतच सुरुवात केली, आणि त्यांचं इंग्रजी राणीच्या भूमिकेतलं होतं.

"साहेब, मी नीट ऐकलं ना? पहिल्यासारखं बोलू? मग पहिल्यासारखे दात पाठवा. आधी मला तुम्ही एका मुलाची खानावळवाली केलंत, मग एका मुलीची आत्या केलंत. मला आठ वेळा मारलंत आणि एकदाही नीट पुरलं नाहीत. समुद्र काढून घेतलात, बकरी दिलीत. कपाटात बसवलंत. आणि आता म्हणता, म्हातारीच्या भूमिकेसाठी आवाज फार म्हातारा झालाय?"

डंकनने विस्कटलेल्या केसांवरून हात फिरवला.

"मी एक शब्दही बोलणार नाही. आधी मला माझी बाई दाखवा. सहा वर्षं मी जिच्यासाठी बोलतेय, ती एकदा बघू तरी द्या."

डंकनने मान खाली घातली. "दाखवतो. पण कृपा करून गैरसमज करून घेऊ नका."

पडद्यावर एक डोंगर आला. डोंगर म्हणजे राखाडी ठोकळे, एकावर एक. मधल्या ठोकळ्याच्या वीतभर वर, हवेत, एक बाई दोन्ही हात आडवे पसरून उभी होती, शेतातल्या बुजगावण्यासारखी. तिला डोकं नव्हतं. तिच्या मानेतून माकचा आवाज आला: "ये गं पोरी, बकरीचं मटण गरम आहे."

मागे बाकावरून उठून आलेले पाक देरिस डोकावून म्हणाले, "अगं, बारीक दिसतेस."

"सहा वर्षांत," माक एकेक शब्द सोडत म्हणाल्या, "सहा वर्षांत तुम्ही मला डोकंसुद्धा दिलं नाहीत?"

"होतं," डंकन म्हणाला. "दोनदा होतं. डोंगरावर आल्यावर ऊन बदललं, म्हणून चेहरा पुन्हा करायला घेतलाय." मग तो थांबला, आणि साहेबासारखा न बोलता दमलेल्या माणसासारखा बोलायला लागला. "बाई, मी या कामावर आलो त्या आठवड्यात माझी मुलगी जन्मली. परवा शाळेत तिला विचारलं, वडील काय करतात. ती म्हणाली, बाबा एक गोष्ट बनवतात जी नाहीये. तिच्या वर्गशिक्षिकेला वाटलं, मी बेकार आहे. त्यांनी घरी मदतीची चौकशी करणारी चिठ्ठी पाठवली."

माकनी हातातले कागद टेबलावर ठेवले. मग खुर्चीत बसल्या.

"सगळेच संवाद नव्याने म्हणावे लागतील?" त्यांनी विचारलं.

"एक दुसरा मार्गही आहे," डंकन म्हणाला. "वरचे लोक म्हणतात, तुमचा जुना आवाज यंत्राला शिकवू. उरलेलं ते बोलेल. तुम्हाला यायलाही नको."

"मग त्या बाईला डोकं नसलं तरी चालेल," माक म्हणाल्या. "सुहैला, पहिल्या पानापासून कागद काढ."

त्यांनी सगळं पुन्हा म्हटलं. कवळी काढून, कवळी लावून, दोन्ही तऱ्हेने करून बघितलं, आणि कवळी लावूनच ठेवलं. मधेमधे त्या कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होत्या, आणि ते सगळं तेक सेंगला कापत बसावं लागत होतं. पण पहिल्या वर्षीचं ऐकून ज्याने डोळे पुसले होते, तो या वेळी मला हळूच म्हणाला, "हे जास्त चांगलं आहे. हे एवढ्यात सांगू नकोस त्यांना."

जाहीर झालेली तारीख पुढे गेली. मग पुन्हा पुढे गेली. जगभरातले वाट पाहणारे लोक पिसाळले. नाही नाही ते लिहायला लागले, कामचोर म्हणाले, चोर म्हणाले, डंकनच्या नावाने घाणेरड्या धमक्या आल्या.

त्याच सुमारास माकच्या भाचीचं लग्न निघालं. आम्हालाही बोलावणं होतं. मांडवात माक स्वतः मटणाचं रेंदांग वाढत होत्या. नवऱ्या मुलाचा मोठा भाऊ, चांगला शिकलेला, बँकेत हुद्द्यावर असलेला, पानावर बसल्या बसल्या म्हणाला, "काय हो, तुमचा तो गेम? अजून नाहीच ना आला? पैसे खाऊन झोपलेत लेकाचे. आळशी लोक. एवढं काय असतं त्यात? संगणकच तर करतो सगळं."

मी मनात म्हटलं, चला, आता माक आपली सगळी गाऱ्हाणी काढणार, आणि याला साथ मिळणार. सात वर्षं त्या कंपनीला त्यांच्याइतक्या शिव्या कोणीच दिल्या नव्हत्या.

माकचा हात डावावर तसाच राहिला.

"आळशी?" त्या म्हणाल्या. मांडवाच्या पार टोकाला ऐकू गेलं. "तुझ्या बँकेत काल लिहिलेलं आज फाडून परत लिहायला लागलं कधी? सात वर्षं रोज? माझ्या एका चेहऱ्यासाठी तीनदा बसलीत ती पोरं. मी कशी मरते याची काळजी करत लोकांनी दिवस घालवलेत, तू मेलास तर इथे अर्ध्या लोकांना कळणारही नाही!"

"अहो, मी फक्त..."

"संगणक करतो म्हणे! मग सांग संगणकाला, जेवण वाढ म्हणावं." आणि त्याच्या पानात न वाढताच त्या पुढच्या माणसाकडे वळल्या.

लग्नघरात भलतंच झालं. भाची रडली, पाक देरिसना मध्यस्थी करावी लागली. परतताना गाडीत मी म्हटलं, "माक, तुम्हीच तर त्यांना रोज शिव्या घालता."

"मी घालीन," त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "मी त्यांच्यात आहे. हा कोण लागून गेलाय?"

आठव्या वर्षी, एका अगदी साध्या गुरुवारी, गेम आला. आम्हालाही विश्वास बसेना. तेक सेंगने स्टुडिओतलं काम बंद ठेवलं, मोठा पडदा लावला, नासी लेमाकच्या, म्हणजे नारळभाताच्या, पुड्या मागवल्या. माक मधल्या खुर्चीत, शेजारी पाक देरिस, मागे मी.

तेक सेंगला खेळता येईना. आवाज टिपण्यात हयात गेली, पण गेम त्याने कधी हातात धरला नव्हता. डोंगर चढताना तो सारखा दरीत पडायचा. सगळी सकाळ पडण्यात गेली.

"अरे, बनवायला आठ वर्षं लागली ते समजलं," माक म्हणाल्या. "पोचायलाही आठ वर्षं लावणार आहेस का?"

दुपारनंतर एकदाचा तो वर पोचला. धुकं होतं. धुक्यात खानावळीचा कंदील दिसला, दार उघडलं. ते आतल्या बाजूला उघडलं. आणि आत चुलीपाशी बाई बसली होती. तिला डोकं होतं. सुरकुत्या होत्या, डाव्या भुवईवर पिकलेला एक केस होता, आणि बोलताना 'स' वर शीळ वाजत होती. तिने वर पाहिलं, आणि माकच्या आवाजात म्हणाली, "उशीर केलास. बस, आधी खाऊन घे."

पाक देरिसनी माककडे पाहिलं, मग पुन्हा पडद्याकडे, जणू दोघींपैकी कोणाला पाणी द्यावं ते त्यांना कळत नव्हतं.

बाई आणखी चारसहा वाक्यं बोलली आणि निरोपाला उठली. मी थांबले. तेक सेंग थांबला. पुढे काहीच नव्हतं.

"बाकीचं?" माकनी विचारलं.

"काढलं असावं," तेक सेंग पुटपुटला. "लांबत होतं म्हणून."

मला वाटलं, आता स्फोट होणार. पण त्या फक्त म्हणाल्या, "पुन्हा लाव." त्याने लावलं. "पुन्हा." त्याने पुन्हा लावलं. तिसऱ्या वेळी त्या स्वतःशीच म्हणाल्या, "'बस' वर थोडं जास्त थांबायला हवं होतं," आणि पुडीतला गार भात खायला घेतला.

जाण्याआधी तेक सेंग म्हणाला, नावं बघूया. गेम बनवणाऱ्यांची यादी सुरू झाली. नावं वर सरकायला लागली आणि थांबेचनात. दाराची माणसं, उजेडाची माणसं, बकरीची माणसं. मार्ता मॅडमचं नाव 'विशेष आभार' मध्ये सापडलं, डंकनचं वर ठळक होतं. तेक सेंग भरभर पुढे न्यायला लागला तर माकनी त्याच्या हातावर चापट मारली. "सगळ्यांची बघायची." चहा झाला, पाक देरिसची एक झोप झाली, तरी नावं चालूच. शेवटी आवाजाच्या कलाकारांचा भाग आला. माक खुर्चीच्या टोकाला सरकल्या.

खानावळवाली आत्या, असं लिहिलं होतं. आणि पुढे नाव होतं: कल्थॉर्न.

कोणीतरी इंग्रजीत शेवटच्या 'एम' अक्षराऐवजी 'आर' आणि 'एन' टंकलं होतं. दुरून बघितलं तर सारखंच दिसतं. पण आम्ही जवळ बसलो होतो.

तेक सेंगने घाईघाईने पडदा थांबवला. "माक, मी आत्ता कळवतो. ते दुरुस्त करतात. गेम आल्यानंतरही करतात, सारखंच चालू असतं त्यांचं. सुहैला, लिही गं डंकनला, आत्ताच्या आत्ता."

मी फोन काढला. माकनी हात पुढे करून तो माझ्या हातातून घेतला आणि उलटा करून मांडीवर ठेवला.

"कोणाला काही कळवू नका," त्या म्हणाल्या. "एक अक्षर बदलायला घेतील, आणि सगळं पहिल्यापासून करतील."